माझ्या घरातला 'शे'

हेम्या, तू गेलास त्या दुपारी भडगावात तासभर मीसुद्धा मेलो होतो.

हसू नकोस, खरं सांगतोय. तुझी बातमी मोबाइलवर फिरली तीच अशी, की 'मी शे तसाच शे' म्हणणारा गायक गेला. खाली ना नाव ना फोटो, नुसती एक पणती. आमच्या गल्लीतल्या सुमनबाईंनी ती वाचली आणि पिठाचे हात न धुता त्या माझ्या मायकडे धावत गेल्या. कारण आमच्या गल्लीच्या समजुतीप्रमाणे ते गाणं म्हणणारा गायक म्हणजे मी. गेली दोन वर्षं गल्लीची ही समजूत आहे. ती कशी झाली, हे फक्त दोघांना माहीत होतं. त्यातला एक तू.

त्या वेळी मी सावद्याला तुझ्या चितेपासून दहा पावलांवर उभा होतो आणि फोनचा आवाज बंद करून तो खिशात टाकला होता. नंतर काढून पाहिला तर मायचे अकरा कॉल.

पण ते पुढे सांगतो. आधी भांडण. आपलं भांडण अर्धवट असताना तू उठून गेलास, हे मला मान्य नाही. प्रत्येक वेळी तू असंच करायचास. मी मुद्दा मांडायचो आणि तू 'मास्तर, भूक लागली' म्हणून निघायचास.

आता लोक मला भेटायला येतात आणि म्हणतात, काय मैत्री होती हो तुमची! मी मान हलवतो. मैत्री होतीच. पण मी तुझ्यावर जळायचो रे. कॉलेजच्या पहिल्या गॅदरिंगपासून जळत आलो. गळा माझा तयार होता, तालीम माझी होती, पेटीवर बोट ठेवलं की सूर कुठला ते मी डोळे मिटून सांगायचो. तू वरच्या पट्टीत गेलास की तुझा आवाज फाटायचा आणि लोक नेमक्या त्या फाटलेल्या जागेवर शिट्ट्या मारायचे. तुझी गिटार सुरात लावायचो मी. घाम पुसत टाळ्या घ्यायचास तू. माझ्या गाण्यानंतर लोक म्हणत, 'छान.' तुझ्या गाण्यानंतर म्हणत, 'पुन्हा.' या दोन शब्दांत किती अंतर असतं, ते पहिला शब्द ज्याच्या वाट्याला येतो त्यालाच कळतं.

बँडचं नावही तूच ठेवलंस. तू तापीपट्टीतल्या सावद्याचा, मी गिरणेकाठच्या भडगावचा, म्हणून 'तापी-गिरणा'. मी म्हणालो, 'गिरणा-तापी का नको?' तू केळाचं साल सोलत म्हणालास, 'मास्तर, गिरणा येऊन तापीलेच मियते ना? मंग पुढे नाव कोनाचं राह्यतं?' मी घरी जाऊन नकाशा पाहिला. तुझं खरं निघालं, म्हणून आणखीच राग आला.

आणि ते गाणं. आज उघड सांगतो, हेम्या, ते गाणं तू माझ्या घरातून उचललंस.

तो दिवस मला चांगला आठवतो. आपण भडगावला आलो होतो. माय चुलीपुढे बसून कळण्याच्या भाकरी थापत होती आणि तू ठेच्यावर ताव मारत होतास. मी नेहमीसारखं म्हणालो, 'माय, जरा पाणी देतेस का?' एवढंच. माय अहिराणीत बोलायची आणि मी तिला शुद्ध मराठीत उत्तर द्यायचो, हे आमच्या घरात तीस वर्षं चाललेलं. जळगावला शिकायला आलो, मी 'आहे'ला 'शे' म्हणतो म्हणून वर्गातली पोरं हसली, आणि मी तो शब्द जिभेवरून काढून टाकला तो कायमचा. सुट्टीत घरी गेलो तरी तो परत आला नाही. मायनं त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. त्या दिवशी मात्र तिनं तव्यावरची भाकरी उलटत तुला सांगितलं, 'देख हेमराज, हाऊ मन्हा पोऱ्या. शब्दासले इस्तरी करीसन बोलस.'

तुला ठसका लागला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो, पण मला ते लागलं होतं. तू खिशातून एसटीचं तिकीट काढलंस आणि त्यामागे काहीतरी खरडलंस. मला वाटलं, ठेच्याची कृती लिहून घेतोयस.

महिन्याभरानं तू माझ्या गाण्याच्या क्लासमध्ये येऊन गिटारवर धाडधाड तीन कॉर्ड वाजवलेस आणि म्हणालास, 'पॉप-रॉक हाये मास्तर. ऐक.'

माले इस्तरी नका करा,
मी शे तसाच शे.
चुरगळेल शे, फाटेल शे,
पन मन्हा मी शे.

मी ऐकलं. गाणं चांगलं होतं. इतकं चांगलं की मला तिथल्या तिथे तुझा तिरस्कार वाटला. मग मी काय केलं? कागद मागून घेतला, लाल पेन काढलं आणि एकूण एक 'शे' खोडून वर 'आहे' लिहिलं. म्हणालो, 'गाणं पुण्यामुंबईत पोचायला हवं ना? तिकडे शे कोणाला कळणार?' तू कागदाकडे बघत राहिलास. 'तू म्हणतो तर तसं,' म्हणालास. माझ्या गाण्याच्या ज्ञानावर तुझा विश्वास होता. त्या वेळी मी गाण्याचा विचार करतच नव्हतो.

धुळ्याला रेकॉर्डिंग झालं. भिंतींना गाद्या ठोकलेली ती खोली, आत पंखा लावायची सोय नाही. पहिल्यांदा आपण 'आहे' म्हणून गायलो. तू पुढे, मी मागे वरचा सूर धरून. माझा सूर काचेसारखा लागला होता, हे मी आजही सांगेन. रेकॉर्डिंग करणाऱ्या भाऊनं हेडफोन मानेवर ओढला, कान खाजवला आणि म्हणाला, 'गानं चांगलं शे भाऊ. पन कोनी मानूस गाई ऱ्हायना, आसं वाटत नही.' माणूस गातोय असं वाटत नाही, म्हणे!

तू माझ्याकडे पाहिलंस. 'शे लावून पाहू का?'

तेव्हा मी जे बोललो ते त्या परक्या माणसासमोर बोललो. म्हणालो, 'तुझ्या घरी कोण म्हणतं शे? तुमच्याकडे तर हाये म्हणतात! तुझ्या सात पिढ्यांत कोणी शे म्हटलं नसेल. आपण आहोत तसं राहावं असं गाणं लिहितोस आणि शब्द आणतोस माझ्या मायच्या तोंडून? खोटारडा आहेस तू.'

मला वाटलं, आता तू भडकशील. मुद्दा बिनतोड होता. आजही आहे, आणि त्यावर तुझं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. तू फक्त डोक्यावरून हेडफोन काढलास आणि माझ्यापुढे धरलास.

'खरं हाये मास्तर. मंग तू गा. शब्द तुया, माय तुयी. मी गिटार वाजवतो. गा तू.'

तो हेडफोन किती वेळ तसा धरून ठेवला होतास? मला फार वेळ वाटला. मी त्याच्याकडे बघत होतो आणि मला माझा क्लास दिसत होता. मुलीचे उच्चार सुधारावेत म्हणून तिला माझ्याकडे घेऊन येणाऱ्या आया दिसत होत्या. त्यांनी मला 'शे' म्हणताना ऐकलं असतं तर? मी म्हणालो, 'असलं मला नाही जमत.' आणि चहा प्यायला बाहेर गेलो. एक चहा झाला, दुसरा झाला. बंद दारातून ड्रमचा दणका तेवढा ऐकू येत होता. परत आलो तेव्हा गाणं संपलं होतं आणि तू आणि तो भाऊ एकमेकांना टाळी देत होतात.

मग जे झालं ते सगळ्या खानदेशाला माहीत आहे. हळदीत ते गाणं, मिरवणुकीत ते गाणं, रिक्षात ते गाणं. एकदा नरडाण्याच्या स्टेशनवर मी गाडीची वाट बघत होतो. एमआयडीसीतून सुटलेले कामगार बाकावर बसून एका फोनवर ते ऐकत होते. त्यांतला एक शेजाऱ्याला म्हणाला, 'हाऊ आपला मानूस शे.' मला उठून त्यांना हलवून सांगावंसं वाटलं, अहो, तो सावद्याचा आहे, केळीला केयी म्हणणारा! तुमचा माणूस मी आहे! पण हे मी त्यांना कोणत्या भाषेत सांगणार होतो?

क्लासमध्ये एक मुलगी म्हणाली, सर, ते शे तसाच शे शिकवा ना. मी तिच्याकडून तासभर नुसता सा लावून घेतला. पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. ही तुला माहीत आहे, पण मी तुझ्यापुढे कधी कबूल केलेली नाही.

सुमनबाईंनी त्यांच्या मोबाइलवर मायला ते गाणं लावून दिलं. मायला एका कानानं ऐकू येत नाही, त्यात ड्रम आणि गिटारचा दणदणाट. आवाज कोणाचा, हे तिला कळणं शक्यच नव्हतं. पण शब्द कळले. ते तिचेच होते. तिनं लगेच मला फोन लावला. 'बापू, तुन्हं गानं ऐकं रे! ते इस्तरीवालं. मन्हाच शब्द शेतस ना त्यामा? मी लगेच वळखं, हाऊ मन्हा बापूच!'

तिच्या आवाजात जो आनंद होता तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तिला वाटत होतं, तीस वर्षांनी पोरगा घरच्या बोलीत बोलायला लागला. हेम्या, मी म्हणालो, 'हं.'

एवढंच. 'हं.' मी खोटं बोललोच नाही, अशी दोन वर्षं स्वतःची समजूत घालत आलो. हं म्हणजे काही हो नव्हे. पण त्या 'हं'वर मायनं सगळ्या गल्लीला पेढे वाटले.

नंतर हिवाळ्यात तू माझ्याबरोबर भडगावला आलास. मी टाळायला बघत होतो, पण तुला मायच्या हातचा ठेचा खायचा होता. वाटेत सांगू, वाटेत सांगू म्हणता भडगाव आलं. माय तुझ्या ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली, 'हेमराज, तू बी गास ना? मन्हा बापूनं गानं तू ऐकं का?'

माझा घास तोंडातच राहिला. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. रागानं नाही, हसूनही नाही. तबलजीनं सम चुकवली की त्याच्याकडे बघावं तसं. मग तू मायकडे वळलास आणि तिच्या बोलीत म्हणालास, 'ऐकं ना अक्का! बठ्ठा गाव तेच गाई ऱ्हायना. मास्तरनी कमाल करी.' वर आणखी भाकरी मागून घेतलीस.

आपण आहोत तसं राहावं म्हणून गळा फाडणारा तू, माझ्यासाठी माझ्या आईशी खोटं बोललास. आणि तेही इतकं सुरात.

परतीच्या एसटीत मी वाट बघत होतो. आता बोलशील, मग बोलशील. पाचोरा गेलं. तू शेंगा खात होतास. जळगाव आलं तेव्हा टरफलं झटकून म्हणालास, 'ठेचा भारी व्हता आज.' बस. त्यानंतर कधीच त्याबद्दल एक शब्द काढला नाहीस. भांडला असतास तर मी मोकळा झालो असतो. तुझ्या गाण्यावर तर मी जळत होतोच, त्या दिवसापासून तुझ्या मनाच्या मोठेपणावरही जळायला लागलो. कोणी आपल्यावर उपकार करावेत आणि ते बोलूनही दाखवू नयेत, यासारखी शिक्षा नाही. आभार मानायचे होते रे. दर भेटीत ते तोंडापर्यंत यायचे आणि मी तुझ्या गिटारची तार पिळत बसायचो.

जळगावच्या दवाखान्यात मी आलो तेव्हाही तेच ठरवून आलो होतो. काविळीनं तुझे डोळे पिवळेधमक झाले होते. तू माझा हात धरलास आणि म्हणालास, 'मास्तर, अक्काले सांगू नको.' तेवढ्यात नर्स आली आणि मला बाहेर काढलं. काय सांगू नको? तू आजारी आहेस हे, की गाणं तुझं आहे हे? मी विचारलं नाही. मला दुसरं सोयीचं होतं, म्हणून मी तेच धरलं.

आणि मग ती दुपार. स्मशानाबाहेर येऊन मी मायला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. 'कोन शे?' मी म्हणालो, 'माय, मी बोलतोय.'  मग, 'बापू? बापूच शे ना?' आणि ती ओक्साबोक्शी रडली. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. माझ्या नावानं जमलेल्या बायका. रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं, 'मंग गया कोन?'

तुझी चिता अजून जळत होती. मी म्हणालो, 'ओळखीचा एक जण होता.'

हे मी तुला का सांगतोय, माहीत नाही. तुला कळणार नाही, म्हणूनच सांगत असेन.

पाचव्या दिवशी सावद्याला तुझी श्रद्धांजलीची सभा झाली. जिथे केळीच्या गाड्या भरतात त्याच शेडमध्ये, कारण दुसरीकडे माणसं मावली नसती. ती गर्दी बघूनही मला जळजळ झाली. माझ्या वेळी यातली निम्मी तरी येतील का, असं मनात आलं. कोणीतरी पेटी पुढे सरकवली आणि म्हणालं, 'मास्तर, त्याचं गाणं तुम्हीच म्हणा.' पहिल्या रांगेत तुझी आई बसली होती. नाही म्हणता येईना.

मी सूर धरला आणि गायलो, 'मी आहे...'

शपथ सांगतो, मुद्दाम नाही केलं. माईकपुढे उभं राहिलं की माझी जीभ तीच चालते. पण सगळी शेड एका आवाजात ओरडली, 'शे!' हाये म्हणणारी माणसं, हेम्या. आख्खं सावदा. ज्यांच्या घरात हा शब्द कधी उच्चारला गेला नाही, ते मला माझा शब्द सांगत होते. तुझी आईसुद्धा. पदर तोंडाला लावून तीही म्हणाली, 'शे.' पुढचं गाणं त्यांनीच म्हटलं. मी पेटीवर हात ठेवून उभा होतो आणि एकही पट्टी दाबली नाही.

काल मी भडगावला गेलो.

माय ओट्यावर बसून मुगाची डाळ निवडत होती. मी समोर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं, की ते गाणं माझं नव्हतं, हेमराजचं होतं, आणि गेला तो हेमराज. तिचा हात सुपातच थांबला. मला वाटलं, ती मला बोलेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. पण तिच्या डोक्यात वेगळंच काहीतरी चाललं होतं. ती म्हणाली, 'तो जेवाले उना व्हता. तवय मी त्याले त्यानाच गानाबद्दल विचारं. आन त्यानं तुन्हं नाव लिधं.'

मी म्हणालो, 'हो.'

'दोन भाकरी जास्त खाई गयथा त्या दिन,' ती म्हणाली. मग सूप बाजूला ठेवलं. 'घंटाभर तुले रडनू मी. बठ्ठं वाया गयं. आते त्याले रडू दे.'

आणि ती तुला रडली. माझ्यासमोर, मी जिवंत बसलेला असताना. माझ्यासाठी ती कशी रडली असेल, ते मी पाहिलेलं नाही. पण इतकी रडली नसेल, असं मला वाटत राहिलं. बघ, अजूनही जळतोय मी. आता तर माझ्या मायच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून. ही खोड माझ्याबरोबरच जाईल.

पदरानं डोळे पुसून तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. चार खडे काढले. मग साधंच विचारावं तसं विचारलं, 'मंग तुन्हं गानं कोनतं, बापू?'

किती वर्षं गातोय मी, हेम्या. भजनं, गझला, लोकांची गाणी, परीक्षेची गाणी. एकेक आठवून पाहिलं. तिला वाईट वाटू नये म्हणून एखादं नाव सांगता आलं असतं. तू असतास तर तू सांगितलंही असतंस.

'एक बी नही शे, माय,' मी म्हणालो.

तो शब्द तोंडातून गेल्यावर माझा मलाच ऐकू आला. तिनं मान वर केली. सूप खाली ठेवलं, पुढे सरकली आणि चांगला कान माझ्याकडे केला.

'काय? जोरमा सांग.'

मग मी जोरात सांगितलं. सुमनबाई दारात आल्या, त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या जोरात. 'ते गानं मन्हं नही शे, माय. मन्हं एक बी गानं नही शे.' आणि शेवटच्या 'शे'वर माझा तयार गळा फाटला.